‘ज्यांच्या नावावर आहे, त्यांनाच घेऊन या’ : जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी
तथा अध्यक्ष, जिल्हा सैनिक मंडळ

विषय : फील्डवर असलेल्या सैनिकांच्या पत्नींची खिडकीवर अडणारी कामे

महोदय/महोदया,

जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्षपद आपल्याकडे पदासोबत येते. त्याची आठवण जिल्ह्याला बहुधा ७ डिसेंबरच्या आसपास होते, सशस्त्र सेना ध्वजदिन निधीचे उद्दिष्ट वाटून देताना. हे पत्र निधीसाठी नाही. ते आपल्या जिल्ह्यातल्या काही खिडक्यांबद्दल आहे, आणि त्या खिडक्यांवर रोज ऐकू येणाऱ्या एका वाक्याबद्दल : ‘ज्यांच्या नावावर आहे, त्यांनाच घेऊन या.’

ज्यांच्या नावावर आहे ते फील्डवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा पोस्टिंगवर असतात. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती कधी आणि किती तुकड्यांत मिळेल हे युनिट ठरवते. त्या रजेत घरातले आजारपण, शेतीची कामे, भाच्याचे लग्न आणि मुलांनी वर्षभर राखून ठेवलेले हट्ट बसवायचे असतात. उरलेले दिवस सेवा केंद्राच्या, बँकेच्या आणि तलाठी कार्यालयाच्या बाकड्यावर जातात. अर्धे काम होते, अर्ध्यासाठी ‘सोमवारी या’ असे उत्तर मिळते आणि रविवारी रात्रीची गाडी असते.

सैनिकांच्या कुटुंबांची कागदपत्रे लावून देण्याचे काम आम्ही काही जण करतो. त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. काही कामांना कायद्यानेच तो माणूस समोर लागतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण बऱ्याच कामांना तो लागत नाही, आणि तरीही ‘घेऊन या’ म्हटले जाते, कारण समोरच्याला दुसरा रस्ता माहीत नसतो किंवा माहीत असून फाइल अंगावर घ्यायची नसते. कुठले काम कुठल्या प्रकारात मोडते हे त्या बाईला कुणी सांगत नाही. सांगितले, तर पहिल्या प्रकारातली सगळी कामे एका रजेत उरकता येतील आणि दुसऱ्या प्रकारातल्यांसाठी रजेची वाट पाहावी लागणार नाही. एवढाच मुद्दा आहे. बाकीचे पत्र तपशिलाचे आहे.

बँकेपासून सुरुवात करू, कारण घर तिथून चालते. जवानाचा पगार त्याच्या खात्यात येतो. ते खाते एकट्याच्या नावावर असेल आणि पत्नी फक्त नामनिर्देशित असेल, तर तो हयात असेपर्यंत त्या खात्यातून एक रुपया काढण्याचा तिला अधिकार नसतो. ‘नॉमिनी आहे म्हणजे सगळे व्यवस्थित आहे’ हा समज इतका पक्का आहे की तो मोडायला प्रत्येक वेळी अर्धा तास जातो. खाते दोघांच्या नावावर हवे, आणि खाते चालवण्याच्या सूचनेत ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ असे लिहिलेले हवे. ‘पहिला किंवा हयात’ असे लिहिले गेले, तर खाते संयुक्त दिसते, पण पहिला खातेदार असेपर्यंत सही त्याचीच चालते. फॉर्मवर फरक एका टिकमार्कचा आहे. घाईत भरलेल्या फॉर्मवर ती टीक बँकेतला माणूसच करतो, आणि चूक लक्षात येते तेव्हा जवान द्रासच्या वर असतो.

खाते संयुक्त नसलेल्या घरांत मग दोन उपाय चालतात, आणि दोन्ही वाईट आहेत. एक, सही करून ठेवलेले कोरे चेक. ते हरवतात, आणि अमुक रक्कम कुणी लिहिली हे नंतर सिद्ध करता येत नाही. दुसरा, त्याचे एटीएम कार्ड आणि पिन तिच्याकडे. कार्ड आणि पिन दुसऱ्याला द्यायचे नाहीत ही बँकेची अट असते. यंत्रातून पैसे न येता खात्यातून वजा झाले आणि कार्ड वापरणारी खातेदार नव्हती असे निघाले, तर तक्रार तिथेच लंगडी पडते.

पण सगळ्यात जास्त कामे ओटीपीवर अडतात. हे जरा जवळून पाहा. बँकेत, आधारला, गॅसला, विम्याला, सगळीकडे जवानाचा मोबाइल नंबर दिलेला असतो. नंबर महाराष्ट्रात घेतलेला, प्रीपेड. पोस्टिंग जम्मू-काश्मीरला लागते, आणि बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम तिथे रोमिंगवर चालत नाही, पोस्टपेड चालते. तिथे गेल्यावर तो स्थानिक सिम घेतो, घरी नवा नंबर कळवतो, जुने सिम पाकिटात ठेवतो. घरी बोलणे होते, म्हणून सगळे सुरळीत आहे असे वाटते. इकडे पत्नी बँकेत बसलेली असते, ओटीपी जुन्या नंबरावर जातो, तो नंबर पाकिटात असतो, आणि दहा मिनिटांत ओटीपी मरतो. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला गेला नाही आणि त्यात २० रुपयांपेक्षा कमी शिल्लक असेल तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. म्हणजे एका अनोळखी माणसाच्या फोनवर सैनिकाच्या खात्याचे संदेश जाऊ लागतात.

यावरचा इलाज साधा आहे आणि तो पोस्टिंगच्या आधीच करायचा असतो. बँकेत नोंदवलेला नंबर आधी पोस्टपेड करून घ्यावा. संयुक्त खात्यात दुसरी खातेदार म्हणून पत्नीचा स्वतःचा नंबर वेगळा नोंदवावा आणि तिचे वेगळे कार्ड घ्यावे. शिवाय एक बारीक गोष्ट : पत्नीच्या हातातले सिम पुष्कळदा नवऱ्याच्याच आधारवर घेतलेले असते. फोन चोरीला गेला की डुप्लिकेट सिमसाठी ‘ज्यांच्या नावावर आहे’ हे वाक्य तिथेही ऐकू येते. ते सिम रजेत तिच्या नावावर करून घ्यावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण कुणालाच ते काम वाटत नाही.

यात जिल्हाधिकाऱ्यांचा काय संबंध, असे आपण म्हणाल. बँकांच्या जिल्हास्तरीय सल्लागार समितीचे अध्यक्ष आपण असता आणि अग्रणी बँकेचा व्यवस्थापक त्या बैठकीत समोर बसलेला असतो. पीककर्जाच्या आकड्यांनंतर पाच मिनिटे या विषयाला द्या. दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. सैनिकाचे खाते उघडताना किंवा पोस्टिंगच्या आधी तो शाखेत आला, तर खाते चालवण्याची सूचना आणि पत्नीचा नंबर विचारूनच त्याला सोडावे. आणि केवायसीचे नूतनीकरण. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कमी जोखमीच्या ग्राहकाचे केवायसी दहा वर्षांनी, मध्यम जोखमीचे आठ वर्षांनी आणि जास्त जोखमीचे दोन वर्षांनी ताजे करायचे असते. माहितीत बदल नसेल तर ग्राहकाचे तसे स्वयंघोषणापत्र पुरते, आणि ते नोंदवलेल्या ईमेलवरून, मोबाइलवरून, एटीएमवरून किंवा पत्रानेही देता येते. म्हणजे जवानाने सही करून पाठवलेले पत्र शाखेने घेतले पाहिजे. प्रत्यक्षात खाते गोठवले जाते आणि ‘साहेबांना एकदा येऊन जाऊ द्या’ असे सांगितले जाते. साहेब शिपाई आहेत आणि बर्फात आहेत.

पत्त्याचा घोळ याच्या शेजारचाच. सैनिकाचा टपालाचा पत्ता म्हणजे नंबर, रँक, नाव, युनिट, ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय) आणि ९ ने सुरू होणारा पिन. त्यात गाव नसते, जिल्हा नसतो, राज्य नसते. संगणकाच्या फॉर्मला मात्र राज्य आणि जिल्हा लागतोच, मग कारकून विचारतो, ‘नेमकी पोस्टिंग कुठे?’ हा प्रश्न विचारायचा नाही. पत्त्यात जागेचे नाव नसते ते मुद्दाम, आणि पत्नीने ते चारचौघांत, रांगेतल्या वीस माणसांसमोर सांगणे अपेक्षित नाही. फॉर्ममध्ये कायमचा पत्ता गावाचा टाकावा. खाजगी कुरिअर एपीओला पोचवत नाही, फक्त टपाल खाते पोचवते. कुरिअरने पाठवलेले एटीएम कार्ड किंवा चेकबुक महिन्याभराने परत येते आणि शाखा ते नष्ट करते. हे एक वाक्य प्रत्येक खिडकीवर चिकटवले तरी बरेच भागेल : सैनिकाची पोस्टिंग विचारू नये, एपीओ पत्ता पूर्ण पत्ता समजावा.

आता मुखत्यारपत्र. ‘मुखत्यारपत्र आहे ना, मग काळजी नाही’ असे म्हणून बाई येते आणि पहिल्याच खिडकीवर ते परत मिळते. का, ते पाहू. एकतर ते मोघम असते : ‘माझ्या वतीने सर्व कामे करण्याचा अधिकार’. बँकेला खाते क्रमांक आणि शाखा हवी असते, तलाठ्याला गाव, गट क्रमांक आणि क्षेत्र, वीज कंपनीला ग्राहक क्रमांक. ज्या कामासाठी मुखत्यारपत्र, त्या कामाचा आकडा त्यात असलाच पाहिजे. पैसे काढणे, कर्जाचा हप्ता भरणे, अर्ज करणे, अपील करणे, वकील नेमणे, कागद स्वीकारणे ही क्रियापदे सुटी सुटी लिहावी लागतात. ‘नोटीस स्वीकारणे’ हे विसरले जाते आणि पुढे तेच नडते.

दुसरे, ते कुणासमोर केले यावर त्याची ताकद ठरते. नोटरीसमोर केलेले मुखत्यारपत्र रीतसर केले गेले असे न्यायालय गृहीत धरते. सैनिकाने स्वतः सही केलेला दस्त त्याच्या वतीने नोंदणीसाठी सादर करायचा असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे, तो जिथे राहतो त्या भागातल्या निबंधकासमोर केलेले आणि त्याने साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र लागते. तिथे नोटरीचा लाल शिक्का कामाचा नाही. युनिटमधल्या अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का असलेला कागद घेऊन कुटुंबे येतात. त्यांना वाटते हाच सर्वात मोठा शिक्का. सही खरी असते, मान्यता मात्र प्रत्येक खिडकीच्या मर्जीवर. म्हणून रजेच्या पहिल्या आठवड्यात दोन वेगळी मुखत्यारपत्रे करावीत : एक नोटरीचे, रोजच्या कामांसाठी, जमिनीचा व्यवहार खरोखर होणार असेल तरच दुसरे, निबंधकासमोर. प्रत्येकाच्या चार साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात, कारण मूळ प्रत मागणारी खिडकी ती परत देईलच असे नाही.

तिसरे, मुखत्यारपत्राने काय होत नाही हेही ठाऊक हवे. नवऱ्याचे बोटाचे ठसे ती देऊ शकत नाही. त्याचे प्रतिज्ञापत्र ती करू शकत नाही. आणि लिहून देणारा वारला की मुखत्यारपत्र संपते. तो गेल्याचे कळल्यानंतर त्यावर केलेला व्यवहार चांगल्या हेतूने केला असला तरी बाईलाच अडचणीत आणतो. हे शेवटचे वाक्य कुणी बोलत नाही, अशुभ वाटते म्हणून. लिहून ठेवलेले बरे.

प्रतिज्ञापत्राबाबत एक विनंती. १९६९ च्या शपथ कायद्याच्या कलम ३ मध्ये सैनिकी ठाण्याच्या कमांडिंग ऑफिसरला ठाण्याच्या हद्दीत शपथ देण्याचा अधिकार दिलेला आहे. आपल्या कार्यालयाच्या विधी शाखेकडून एकदा तपासून घ्या आणि महसुली कामासाठी अशी प्रतिज्ञापत्रे कुठे चालतात, कुठे नाही, याचे परिपत्रक काढा. परिपत्रक नसल्यामुळे अव्वल कारकून ‘इथल्या नोटरीचेच आणा’ म्हणतो आणि त्याला खोडून काढायला आमच्याकडे कागद नसतो.

जमीन हा या पत्राचा सगळ्यात दुखरा भाग. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची, नोंद धरली की तलाठी हितसंबंध असलेल्या सगळ्यांना नमुना ९ ची नोटीस काढतो आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. सैनिकाचे नाव सातबाऱ्यावर भावांसोबत असते. नोटीस त्याच्या नावाने निघते, गावच्या पत्त्यावर येते. ती घरी पत्नीच्या हातात पडली तर निदान कळते तरी. एकत्र कुटुंबात ती दिराच्या हातात पडते, आणि बऱ्याचदा अर्ज त्याचाच असतो. पंधरा दिवस उलटतात, हरकत नाही म्हणून मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायला ६० दिवस. जवान दिवाळीला येतो, सातबारा काढतो, तेव्हा ते साठही गेलेले असतात. मग विलंब माफीचा अर्ज, वकील, तारखा. आणि तारीख नेमकी तो परत गेल्यावर लागते.

यात कुणी बेकायदा काही केले असे नाही. प्रत्येकाने आपापला कागद नियमाने चालवला. तलाठ्याला मात्र पक्के माहीत असते की हा माणूस फौजेत आहे. लहान गावात ते कुणाला माहीत नसते? म्हणून मागणी अशी : खातेदार सेवेतला सैनिक आहे असे माहीत असेल, तर नोटिशीची एक प्रत पत्नीला वेगळी, तिची सही घेऊन द्यावी, आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठवावी. तिथून ती युनिटला जाते. पंधरा दिवसांत जवानाचे साध्या कागदावरचे हरकतीचे पत्र आले तरी नोंद विवादग्रस्त होते आणि सुनावणी लावावी लागते. कुटुंबांना आम्ही एवढेच सांगतो की महिन्यातून एकदा महसूल खात्याचे ‘आपली चावडी’ हे संकेतस्थळ उघडून आपल्या गावाच्या नोटिसा पाहा. पाच मिनिटे लागतात.

इथे एक जुना कायदा आपल्याला आठवावासा वाटतो. १९२५ चा भारतीय सैनिक (खटले) कायदा. दिवाणी किंवा महसुली न्यायालयात सैनिक पक्षकार असेल, कायद्यात सांगितलेल्या विशेष किंवा युद्धाच्या परिस्थितीत सेवेवर असेल आणि त्याच्या वतीने कुणी हजर नसेल, तर काम पुढे ढकलण्याची तरतूद त्यात आहे. अशा सेवेचा काळ मुदतीच्या गणनेतून वगळण्याचीही आहे. आणि त्याच कायद्यात जिल्हाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याला, न्यायालयाला तसे प्रमाणपत्राने कळवण्याचा अधिकार आहे. शंभर वर्षे झाली या कायद्याला. तहसील कार्यालयांत तो नावानेही माहीत नाही. वकिलांनाही अनेकदा आठवण करून द्यावी लागते. मंडळ अधिकाऱ्यापुढची सुनावणी त्याच्या व्याख्येत बसते का, यावर कायदेपंडित वाद घालतील. घालू देत. आपल्या एका परिपत्रकाने तारीख रजेच्या दिवसांत लावायला कुठल्याच कायद्याची आडकाठी नाही.

मुलांच्या कागदांत चूक होते ती जन्माच्या दिवशी. पहिले बाळंतपण माहेरी. दवाखान्यात नाव सांगणारी बाळंतिणीची आई किंवा मावशी असते. ती बाईचे माहेरचे नाव सांगते, किंवा लग्नात बदललेले पहिले नाव सांगायचे विसरते. परिचारिका ऐकू येईल तसे लिहिते. तोच कागद २१ दिवसांच्या आत नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जातो आणि जन्माचा दाखला तयार होतो. इकडे रेकॉर्ड ऑफिसमध्ये, ते बेळगावचे असो, नाशिक रोडचे असो की सागरचे, लग्नानंतर निघालेल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या सेवापुस्तकातली कुटुंबाची अधिकृत नोंद) पत्नीचे नाव सासरचे असते. बाळाची पार्ट टू ऑर्डर काढायला दाखला पाठवला की तो परत येतो : आईचे नाव जुळत नाही. नाव जुळेपर्यंत कागदोपत्री ते मूल जवानाचे नसते. मिलिटरी हॉस्पिटलच्या कार्डावर नाही, शिक्षण भत्त्याला नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांना जन्माचा दाखला हाच मूळ पुरावा झाला आहे, त्यामुळे ही चूक आता जास्त महागात पडते.

उपाय दवाखान्यातून सुटी मिळण्याआधीचा आहे. विवाह नोंदणीचा दाखला आणि पार्ट टू ऑर्डरची छायाप्रत बाळंतपणाच्या पिशवीत ठेवायची, दुपट्यांच्या खाली, आणि दवाखान्याचा अर्ज त्या दोन कागदांशी अक्षर अक्षर ताडून पाहायचा. आईचे पहिले नाव, मधले नाव, आडनाव. वडिलांचे मधले नाव. ‘राव’, ‘बाई’, ‘ताई’ लागले आहे की नाही. एका ‘राव’साठी सहा महिने जातात. चूक राहिलीच, तर जन्म-मृत्यू निबंधकाला ती दुरुस्त करण्याचा अधिकार जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ ने दिलेला आहे. ग्रामपंचायतीत ‘कोर्टातून आणा’ असे सांगून लावून देतात. तसे सांगू नये, एवढे आपण जिल्हा परिषदेमार्फत कळवा. विवाह नोंदणीही तशीच. १९९८ च्या कायद्याने ती ग्रामपंचायतीतच होते, पण लग्नानंतर जवान पंधरा दिवसांत परत जातो आणि दोघांच्या सह्या राहून जातात. लग्नाच्या आठवड्यातच ती करून द्या.

आधारच्या केंद्रावर लहान मुलासाठी वडीलच हवेत असा हट्ट चालतो. पाच वर्षांखालच्या मुलाच्या नोंदणीला आई किंवा वडील, कुणाही एकाचे आधार पुरते. पाच आणि पंधरा वर्षांचे ठसे नव्याने देताना तर मूलच महत्त्वाचे. तरीही ‘पप्पांना घेऊन ये’.

शाळेचा दाखला. शिक्षण भत्ता मुलामागे महिना २,२५० रुपये होता, १ जानेवारी २०२४ पासून तो २,८१२.५० रुपये आहे, दोन मुलांसाठी. त्यासाठी मुख्याध्यापकांचा बोनाफाइड दाखला लागतो आणि त्यात अमुक शैक्षणिक वर्षात मूल या शाळेत शिकत होते असे स्पष्ट हवे. शाळा छापील नमुना देते : ‘सध्या इयत्ता चौथीत शिकत आहे’. ‘सध्या’ने भत्ता मिळत नाही. दाखला युनिटला जातो, परत येतो, दुसरा पाठवावा लागतो. मुलाचे नाव पार्ट टू ऑर्डरप्रमाणे, इयत्ता, शैक्षणिक वर्ष पूर्ण (२०२४-२५ असे), तारीख, शिक्का. पाच गोष्टी. शिक्षणाधिकाऱ्यांनी एक नमुना काढून दिला तर विषय संपला. बदलीच्या वेळी शाळा सोडल्याचा दाखला लांबवणाऱ्या मुख्याध्यापकांना शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ दाखवावे लागते : दाखला तत्काळ द्यायचा असतो, आणि तो उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

गॅसचे थोडक्यात. जोडणी जवानाच्या नावावर असते, त्यामुळे आधारची पडताळणी त्याचीच लागते. ॲपवर चेहरा दाखवून ती होते, पण चांगले नेटवर्क हवे. घरातल्या घरात जोडणी पत्नीच्या नावावर करता येते. रजेत एवढे करून टाकावे म्हणजे पुन्हा प्रश्न नाही.

दवाखान्याचा एक गैरसमज खिडकीच्या दोन्ही बाजूंना आहे. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. सेवेत असलेल्या जवानाच्या कुटुंबाला मिलिटरी हॉस्पिटलचा हक्क असतो, ईसीएचएस कार्डाचा नाही. पुणे, खडकी, देवळाली, अहिल्यानगर, कामठी यांच्या आसपास राहणाऱ्यांना ते सोपे. गडहिंग्लज किंवा खटावातल्या बाईला नाही. म्हणून तिच्याजवळ कायम एक कागद असावा : आर्मी नंबर शेवटच्या अक्षरासह, रँक, नाव, युनिट, युनिटचा आणि जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलचा फोन. खाजगी दवाखान्यात अचानक दाखल करावे लागले, तर त्याच दिवशी दोन्हीकडे कळवायचे आणि कुणाशी, किती वाजता बोललो ते लिहून ठेवायचे. युनिटला फोन लावून ‘मी अमक्याची बायको बोलतेय’ म्हटले तर एका नावाचे तीन जण निघतात. नंबर सांगितला की दोन मिनिटांत माणूस सापडतो.

(पत्रात सगळीकडे ‘पत्नी’ म्हटले आहे. मिलिटरी पोलिसांत २०१९ मध्ये महिला जवानांची भरती सुरू झाली, तेव्हा गावाकडे राहून हीच कामे करणारे नवरेही आता आहेत. त्यांना खिडकीवर जरा मानाने बसवतात, पण सही तिथेही बायकोचीच लागते.)

आपल्याकडून हवे आहे ते असे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने एक पानाची यादी छापावी : कुठल्या कामाला सैनिक स्वतः लागतो, कुठल्याला मुखत्यारपत्र चालते, कुठल्याला त्याची सही पुरते, कुठल्याला काहीच लागत नाही. ती प्रत्येक तहसील कार्यालयात, बँकेत आणि सेवा केंद्रात लावावी. रजेवर आलेल्या जवानाने सुटीचा पास दाखवला की त्याचे काम त्याच दिवशी घ्यावे. अपुरे असेल तर काय अपुरे आहे ते सगळे एकाच वेळी सांगावे, रोज एक नवा कागद असे नको. आणि नकार द्यायचाच असेल तर तो लेखी द्यावा. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवांना मुदत आहे, पोच आहे आणि अर्ज फेटाळला तर कारण लिहून द्यायचे बंधन आहे. अनुभव असा की ‘हे लिहून द्या’ म्हटले की दहातली निम्मी कामे तिथेच होतात, कारण लिहायला नियम नसतो.

शेवटचे, याला कुठलेही परिपत्रक लागणार नाही. कार्यालयांत ‘मोबाइल वापरू नये’ अशी पाटी असते, आणि रांगेतल्या बाईचा फोन वाजला की शिपाई तिला बाहेर काढतो. परत आली की नंबर गेलेला असतो. वरच्या पोस्टवरून येणारा फोन अनोळखी नंबरावरून येतो, दोन-चार मिनिटे चालतो, आणि उलटा लावता येत नाही. पुढचा कधी येईल ते हवामान ठरवते. तिला तो फोन घेऊ द्या, आणि तोवर तिचा नंबर राखून ठेवा.

आपले,
सैनिक कुटुंबांच्या कागदपत्रांचे काम करणारे काही जण